दर तीन वर्षांनी पंचवीस तास

(दहावी १९८५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, थोडी काटछाट करून स्मरणिकेसाठी दिले आहे.)



विमा एजंटाच्या हातात माईक द्यायचा आणि वर वीस मिनिटंही द्यायची, एवढी मोठी जोखीम संयोजकांनी कशी काय घेतली, मला माहीत नाही. सकाळी नाश्त्याच्या वेळी मी एका टेबलाकडे निघालो, तर तिथले तिघं एकदम चहा घ्यायला उठले. त्या तिघांना सांगतो, घाबरू नका. आज खिशात फॉर्म आणलेला नाही. पेन आणलंय, पण ते सवयीनं.

माझ्या आधी आपले डॉक्टर बोलले, इंजिनियर बोलले, आपली जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका झालेली मैत्रीण बोलली. प्रत्येकानं शाळेनं आपल्याला काय दिलं ते सांगितलं. मी मात्र शाळा सुटल्यावर मला ज्या शाळेत पुन्हा पुन्हा जाऊन बसावं लागलं, तिच्याबद्दल बोलणार आहे. ही शाळा दर तीन वर्षांनी भरायची आणि फक्त पंचवीस तास चालायची. त्या शाळेला मी एकदा दांडी मारली होती. त्या दांडीची किंमत मी भरली नाही, दुसऱ्याच कुणीतरी भरली. ती गोष्ट आजपर्यंत मी घरच्यांशिवाय कुणाला सांगितलेली नाही. आपल्या माणसांसमोर सांगावी म्हणून आज उभा आहे.

मी या धंद्यात आलो १९९२ साली. बी. कॉम. झालो होतो, वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहायचो. कारखाना बंद पडला. घरी बसलो होतो, तर गुलमंडीवर वडिलांच्या ओळखीचे एक विकास अधिकारी भेटले. म्हणाले, "तुझी ओळख चांगली आहे, सायकल आहे, एजन्सी घे." एवढीच काय ती पात्रता. त्या काळी आयुर्विमा म्हणजे एकच दुकान. १ सप्टेंबर १९५६ ला दोनशे पंचेचाळीस कंपन्या आणि भविष्य निर्वाह संस्था एकत्र करून महामंडळ झालं, तेव्हापासून दुसरं कुणी नव्हतंच. मी फॉर्म भरला, फोटो लावले, फी भरली आणि परवाना हातात आला. परीक्षा नाही, वर्ग नाही. साहेबांनी हप्त्याचा तक्ता दिला आणि सांगितलं, "वय बघायचं, मुदत बघायची, आकडा सांगायचा." मीही तेच करत राहिलो. लासूरच्या बाजाराला जायचो, फुलंब्रीला जायचो, सिडकोत नव्या झालेल्या कॉलन्यांत दारोदार हिंडायचो. धंदा बरा चालला. त्यातच माझं लग्न झालं, पुढे घरही झालं.

मग काळ बदलला. १९९३ मध्ये मल्होत्रा समिती नेमली गेली, १९९९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला, २००० मध्ये प्राधिकरण कामाला लागलं आणि खासगी कंपन्या आल्या. त्याच वर्षी एजंटांच्या परवान्याचे नवे नियम निघाले. नव्या माणसाला परवाना हवा असेल तर आधी शंभर तासांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि मग मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा पास व्हायची. परवाना तीन वर्षांचा. आणि माझ्यासारख्या जुन्या माणसाला नूतनीकरण करायचं तर पंचवीस तासांचं प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला आणि अडीचशे रुपये फी. अर्ज मुदत संपायच्या किमान तीस दिवस आधी पोचला पाहिजे, नाही पोचला तर शंभर रुपये दंड. मुदतच उलटून गेली तर आधी प्राधिकरणाची मेहेरबानी, आणि मग साडेसातशे रुपये दंड.

आता तुम्हीच सांगा, बारा वर्षं धंदा केलेल्या, शाखेत चारचौघांत नाव असलेल्या माणसाला पाच दिवस वर्गात बसा म्हटलं तर काय वाटेल? आम्ही सगळेच चिडलो होतो. "आम्हाला काय शिकवणार? आम्ही शिकवू यांना." शाखेच्या बाहेर चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता.

माझं नूतनीकरण आलं २००४ मध्ये. वर्ग उस्मानपुऱ्यात एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये होता. रोज पाच तास, असे पाच दिवस. शिकवायला एक निवृत्त अधिकारी. बारीक आवाज, जाड चष्मा, हातात खडू. पहिल्या दिवशी मी तासभर बसलो. माझ्या मागच्या बाकावर दोघं हप्ते जुळवत होते. एकानं मला विचारलं, "सही झाली ना? मग बसलास कशाला?" हजेरीचा कागद टेबलावरच असायचा. सकाळी येऊन सही करायची आणि निघायचं. मी पुढचे चार दिवस तेच केलं. सरांनी कधी अडवलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी मी जिना उतरताना ते खाली पानपट्टीपाशी उभे होते. मला म्हणाले, "आज दुपारी वारसनोंदीवर बोलणार आहे. जमलं तर या." मी "हो सर" म्हणालो आणि पैठण गेटला एका दुकानदाराकडे गेलो. त्याची पॉलिसी झाली. संध्याकाळी घरी येऊन बायकोला अभिमानानं सांगितलं की लोक वर्गात झोपा काढत होते आणि मी धंदा करून आलो.

मला दाखला मिळाला. परवाना २००७ पर्यंत वाढला.

२००५ च्या पावसाळ्यात माझा एक ग्राहक गेला. नाव-गाव सांगत नाही, गंगापूर तालुक्यातला होता, वाळूजला कंपनीत होता, एवढंच पुरे. रात्रपाळी संपवून मोटरसायकलवर घरी जात होता, ट्रकनं उडवलं. वय तीस. पाच वर्षांपूर्वी लग्नाच्या आधी त्यानं माझ्याकडून दोन लाखांची पॉलिसी घेतली होती, अपघाती लाभासह. म्हणजे चार लाख मिळणार होते. पॉलिसी घेतली तेव्हा तो अविवाहित, म्हणून नॉमिनी आई. पुढे त्याचं लग्न झालं. लग्नाला मी गेलो होतो, पंगतीत बसून बुंदीचे लाडू खाल्ले, आहेर केला. पण "अरे, नॉमिनी बदलायचा का?" एवढं एक वाक्य मला सुचलं नाही. दरवर्षी हप्त्याची आठवण करायला मी त्याच्या घरी जायचो. मुलगी झाली तेव्हा पेढे खाऊन आलो. तेव्हाही विचारलं नाही.

तेराव्याला गेलो होतो. दाव्याचे कागद मीच करत होतो, त्यात मी कधी कसूर केली नाही. त्याची बायको मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी दोन वर्षांची. तिनं मला बाजूला बोलावून हळूच विचारलं, "भाऊ, त्या पैशात आमचं काही आहे का?" मी जे उत्तर दिलं ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणालो, "वहिनी, कागदावर आईंचं नाव आहे. पैसे त्यांचेच. कायद्यानं तुमचा हक्क येत नाही."

तिनं मान हलवली. दुसरा प्रश्न विचारला नाही. पैसे आईच्या नावानं आले. दोन महिन्यांनी ती मुलीला घेऊन भावाकडे कन्नडला निघून गेली. मला वाईट वाटलं, पण मी काही चुकीचं केलंय असं वाटलं नाही. कारण मला जे माहीत होतं ते मी सांगितलं होतं.

२००७ ला परत नूतनीकरण आलं. परत तोच हॉल, तेच सर. या वेळी का बसलो, खरं सांगतो, डाव्या पायाला प्लास्टर होतं. जिना दोनदा चढणं-उतरणं शक्य नव्हतं. सकाळी मुलगा सोडून जायचा, संध्याकाळी घ्यायला यायचा. म्हणून पंचवीसच्या पंचवीस तास बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी सरांनी फळ्यावर लिहिलं, "नॉमिनी मालक नव्हे." मग त्यांनी समजावलं की नॉमिनी म्हणजे कंपनीनं ज्याच्या हातात पैसे दिले की कंपनी मोकळी होते, तो माणूस. पैसे मात्र कायदेशीर वारसांचे. सर्वोच्च न्यायालयानं हे १९८३ मध्येच स्पष्ट केलंय. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला तर आई, बायको आणि मुलं यांचा सारखा वाटा. सर उदाहरण देत होते, फळ्यावर तीन चौकोन काढत होते, आणि मला दिसत होती ती मांडीवरची मुलगी.

मी हिशेब केला. चार लाखांचे तीन भाग. बायकोचे एक लाख तेहतीस हजार, मुलीचे एक लाख तेहतीस हजार. दोघींचे मिळून दोन लाख सहासष्ट हजार. मी एका वाक्यात ते शून्य केले होते. आणि हे मला सांगायला एक माणूस तीन वर्षांपूर्वी पानपट्टीपाशी उभा राहिला होता.

वर्ग सुटल्यावर सरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. ते एवढंच म्हणाले, "प्लास्टर निघायची वाट बघू नका."

त्याच आठवड्यात रिक्षा करून कन्नडला गेलो. तिच्या भावाला सांगितलं. तो संतापला. "दोन वर्षांनी सांगताय साहेब? त्या दिवशी तिनं विचारलं होतं ना तुम्हाला?" मी म्हणालो, "विचारलं होतं. मला येत नव्हतं." या वाक्याला दुसरं वाक्य जोडता येत नाही. मी त्यांना वकिलाकडे जायला सांगितलं, लागेल तिथे मी येऊन खरं सांगीन म्हणालो. वहिनी म्हणाल्या, कोर्ट नको, मुलीचं आजोळ आणि आजीचं घर दोन्ही राहू द्या. मग भाऊ, एक चुलते आणि मी असे तिघं त्या सासूबाईंकडे गेलो. मी त्यांच्यापुढेही तेच सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही. तूच म्हणालास माझे म्हणून." तेही खरंच होतं. पैसे अर्ध्याहून जास्त संपले होते. लेकाच्या नावावरचं सोसायटीचं कर्ज, विहिरीचं काम, दुखणं. सव्वा लाख बँकेत होते. ते त्यांनी नातीच्या नावावर केले.

सव्वा लाख मिळाले, द्यायचे होते दोन लाख सहासष्ट हजार. मधला आकडा मी कधी विसरलो नाही. पैठण गेटच्या त्या पॉलिसीचं कमिशन किती मिळालं होतं तेही मला आठवतं, पण ते इथं सांगायची लाज वाटते. ती मुलगी आता मोठी झाली आहे, औषधनिर्माण शास्त्र शिकली, नोकरी करते. तिनं माझ्याकडून विमा घेतलेला नाही. घ्यावा अशी माझी अपेक्षाही नाही.

मित्रांनो, गोष्ट इथं संपली असती तर तात्पर्य सोपं होतं. एकदा नीट शिका, म्हणजे झालं. पण पुढचा भाग ऐका.

२००७ मध्ये मी जे शिकलो ते मनावर कोरून ठेवलं. प्रत्येकाला सांगायचो, नॉमिनी मालक नव्हे. आणि २०१५ मध्ये विमा कायदाच बदलला. आता पॉलिसीधारकानं आई-वडील, नवरा किंवा बायको, किंवा मुलं यांपैकी कुणाला नॉमिनी केलं असेल तर कायद्याच्या शब्दांप्रमाणे तो नुसता पैसे घेणारा राहत नाही, लाभाचा हक्कदार होतो. यावर पुढे न्यायालयांत वेगवेगळी मतंही झाली आहेत, ते वकील मंडळी सांगतील. पण माझ्या दृष्टीनं काय झालं बघा. ज्या वाक्यासाठी मी दोन वर्षं उशिरा कन्नडला गेलो, ते वाक्य आठ वर्षांत जुनं झालं. मी जर "मला आता येतं" म्हणून बसलो असतो, तर दुसऱ्या एखाद्या तेराव्याला तितक्याच खात्रीनं उलट्या बाजूनं चुकलो असतो.

आणि हे एकच कलम नाही. त्याच दुरुस्तीनं असं ठरवलं की पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला "माहिती लपवली" म्हणून ती नाकारता येणार नाही. आधी दोन वर्षं होती, पण फसवणुकीचा मुद्दा काढून नंतरही वाद घालता यायचा. एजंटानं पहिल्या हप्त्यातून कमिशन परत द्यायचं, ज्याला आपण सूट म्हणतो, त्याचा दंड पूर्वी पाचशे रुपये होता, आता दहा लाखांपर्यंत गेला. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करायची मुदत मी धंद्यात आलो तेव्हा पाच वर्षं, २०१३ च्या नियमांनी नव्या पॉलिसींना दोन वर्षं, २०१९ च्या नियमांनी साध्या पॉलिसींना पुन्हा पाच. पॉलिसी पसंत नसेल तर परत करायची मुदत पंधरा दिवस होती, २०२४ पासून तीस दिवस. आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारासाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त चार वर्षं होता, तो तीन झाला. आणि २०२५ मध्ये २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला. आरोग्य विम्यावर तो अठरा टक्के होता. परवाच एक ग्राहक म्हणाले, "हप्ता कमी आलाय, काहीतरी चुकलंय." म्हटलं, "काका, पहिल्यांदाच काही चुकलेलं नाही."

या सगळ्या बदलांबरोबर आमच्या परवान्याचंही रूप बदललं. १ एप्रिल २०१६ पासून नवे नियम आले. आता प्राधिकरण आम्हाला तीन वर्षांचा परवाना देत नाही. परीक्षा पास व्हायची आणि कंपनी नियुक्ती देते. ती नियुक्ती चालू राहते. तीन वर्षांनी संपणारी तारीख गेली, ते पंचवीस तास गेले, हजेरीचा कागद गेला. कंपन्या आपापले वर्ग घेतात, पण बरेचसे नव्या पॉलिसी कशा विकायच्या याचे. टपरीवर त्या दिवशी पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला. पण मला घरी येताना भीती वाटली. कारण मी माझ्याकडे बघितलं होतं. मला वर्गात बसवायला प्लास्टर लागलं होतं. आता तर कुणी बोलावणारही नव्हतं.

म्हणून मी स्वतःच तारीख घालून घेतली. मार्चची गडबड संपली की एप्रिलमध्ये पाच दिवस, रोज पाच तास. फोन बंद. जुनी वही, नवी परिपत्रकं, विमा लोकपालांचे निवाडे, आणि वर्षभरात ज्या प्रश्नांवर मी "बघून सांगतो" म्हणालो त्यांची यादी. सुरुवातीला एकटाच बसायचो, आता आम्ही सहा-सात जण जमतो. दोन नवी मुलं आहेत, त्यांना मोबाइलवर सगळं सापडतं. मला काय शोधायचं ते माहीत असतं. जोडी जमते. आणि हजेरी आम्ही शेवटच्या दिवशी संध्याकाळी घेतो, सकाळी नाही.

२०१९ मध्ये, पन्नाशीत, आरोग्य विम्याचंही काम करायचं ठरवलं, तर परीक्षा द्यावी लागली. संगणकावर पन्नास प्रश्न, एक तास, पास व्हायला पस्तीस टक्के. सगळी विशीतली पोरं. बाहेर एकानं विचारलं, "अंकल, मुलाला सोडायला आलात का?" पास झालो. गुण सांगत नाही, कारण गणिताचे सर समोर बसलेत आणि त्यांना माझी जुनी कीर्ती माहीत आहे.

हे फक्त आमच्या धंद्याचं नाही. आपल्या डॉक्टर मित्रांना मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी पाच वर्षांनी नवी करावी लागते, त्यासाठी तीस गुण जमवावे लागतात. सीए मंडळींना तीन वर्षांत एकशे वीस तास. नव्या शैक्षणिक धोरणानं शिक्षकांसाठी वर्षाला पन्नास तास म्हटलंय. अमेरिकेत विमा एजंटाला बहुतेक राज्यांत दर दोन वर्षांनी चोवीस तास करावे लागतात, आणि त्यातले तीन तास फक्त सचोटी आणि वागणुकीवर. सगळीकडे तास मोजतात, कारण मोजता येतात तेवढे तासच. माणूस हॉलमध्ये आहे की पैठण गेटला, हे कागदाला कळत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी सही करून कुठल्या ना कुठल्या वर्गातून काढता पाय घेतला असेल, आणि आता हसताय त्यावरून बरेच दिसतात, त्यांना मी उपदेश करणार नाही. त्या तासाला समोर कोण बसलेलं असतं ते फक्त सांगितलं. आपल्याला वाटतं समोर सर आहेत. खरं तर समोर ती असते, मांडीवर मूल घेऊन, आणि तिला अजून प्रश्न विचारायचा असतो.

आता शेवटची पाच मिनिटं. विमेवाल्याला बोलावलंय, तर काहीतरी घेऊन जा. फुकट आहे.

घरी गेलात की सगळ्या पॉलिसी एका ठिकाणी काढा. कपाटातल्या, पेटीतल्या, वडिलांच्या काळातल्या. पहिलं, नॉमिनी कोण आहे बघा. लग्नाच्या आधीची पॉलिसी असेल तर नक्की बघा. नॉमिनी वारला असेल तर नवा नोंदवा. अज्ञान मुलाचं नाव असेल तर पैसे घ्यायला सज्ञान माणूस नेमलाय का ते बघा. आज हे एक पानी अर्जाचं काम आहे, उद्या ते तीन घरांचं भांडण होऊ शकतं.

दुसरं, बँक खातं आणि पत्ता. कित्येकांच्या बाँडवर अजून जुन्या घराचा पत्ता आहे, शहराचं नाव औरंगाबाद आहे. नावामुळे काही अडत नाही, पण जुन्या पत्त्यावर गेलेलं पत्र अडतं. मुदत संपलेल्या आणि न मागितलेल्या पैशांची यादी कंपन्यांच्या संकेतस्थळांवर शोधता येते. आपल्या वडिलांच्या नावानं एकदा शोधा.

तिसरं, ज्यांचा धंदा आहे, कर्ज आहे, त्यांनी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पॉलिसी घेता येते हे माहीत करून घ्या. ती रक्कम बायको-मुलांसाठी राखलेली राहते, सावकाराला किंवा बँकेला तिच्यावर सहसा हात घालता येत नाही. मात्र हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं. नंतर आठवून उपयोग नाही.

चौथं, दावा नाकारला तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे न्याय मिळाला नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. आपल्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात.

आणि पाचवं, तुमच्या एजंटाला, मग तो मी असो की आणखी कुणी, एक प्रश्न विचारा. "गेल्या वर्षभरात काय नवीन शिकलास?" तो गडबडला तर रागावू नका. पण पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

आपले गणिताचे सर उत्तर चुकलं तर वहीवर फुली मारायचे नाहीत. वही परत द्यायचे आणि म्हणायचे, "पायरी शोध." आम्ही खालून वर जात जात चुकलेली पायरी शोधायचो. ती सापडली की सर तिथे लाल पेनानं फक्त एक टिंब द्यायचे. सर, तुमच्या त्या विद्यार्थ्यानं एक पायरी २००४ मध्ये चुकवली. ती त्याला २००७ मध्ये सापडली. पुढचं गणित पूर्ण दुरुस्त झालं नाही. पण तेव्हापासून तो दर एप्रिलला वही काढतो.

आता जेवण तयार आहे असं मला खुणेनं सांगतायत. पंगतीत माझ्या शेजारी बसायला हरकत नाही. मी फक्त नॉमिनीबद्दल विचारीन.